रात्रीच्या शहरात माणसांची सिल्हूट काळी का येईनात?

सेकंडशिफ्टवाला, छत्रपती संभाजीनगर

नमस्कार. फोटो काढणाऱ्यांच्या ह्या फोरमवर पहिल्यांदाच लिहायलोय, थोडं लांबेल. सिल्हूट म्हणजे उजेडापुढं नुसती काळी दिसणारी आकृती, मला ती काढायचीय.

मी वाळूजला प्रेस शॉपवर आहे. सेकंड शिफ्ट साडेअकराला सुटते, कंपनीची बस सव्वाबाराच्या आसपास क्रांती चौकात सोडते. मागच्या पावसाळ्यात एका रात्री बसमधले दिवे गेले होते. उतरायची वेळ झाली म्हणून आमची सात-आठ माणसं पुढं दाराशी जाऊन उभी राहिली आणि समोरून एक ट्रक आला. त्याच्या हेडलाइटनं पुढची सगळी काच पांढरी झाली. त्या काचेपुढं आमची माणसं नुसती काळी. तोंड एकाचंही दिसत नव्हतं, तरी मागच्या सीटवरून मी एकेकाला ओळखलं. डब्याची कडी करंगळीत अडकवून धरणारा. डाय, म्हणजे प्रेसचे लोखंडी साचे, उचलून उचलून उजवा खांदा उतरलेला. डोक्याला रुमाल बांधून त्यावर टोपी घालणारा. दोन-तीन सेकंद झाले असतील. ट्रक गेला, काच परत अंधारी झाली.

तेव्हापासून ते डोक्यातून जाईना. आमच्या शिफ्टचे फोटो कोणी काढत नाही. आत मोबाइल नेता येत नाही आणि बऱ्याच जणांना आपला चेहरा कुठं यावा असं वाटतही नाही, कंत्राटावर आहेत. पण चेहऱ्याशिवायही माणूस पुरा दिसतो हे मी डोळ्यांनी बघितलंय. म्हणून पैसे साठवून मे महिन्यात सेकंडहँड डीएसएलआर घेतला, ५० एमएमची एफ/१.८ लेन्स घेतली.

चार महिन्यांत सुट्टीच्या आदल्या रात्री असे मिळून आठ-नऊशे फोटो काढले असतील. क्रांती चौक, गुलमंडी, पैठण गेट, स्टेशनसमोरचा रिक्षा स्टँड. हाताशी लागले दोन. बाकी सगळे राखाडी. मागचे दिवे पांढरे फटक होऊन फुटलेले आणि माणूस धड काळा नाही, धड दिसत नाही, मळक्या तपकिरी रंगाचा. कॅमेरा ‘पी’ मोडवर असतो, म्हणजे सेटिंग तोच ठरवतो, आणि आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ते) आपोआप ६४०० वर जातो. नंतर मोबाइलवर अंधार वाढवून बघितलं तर अख्खा फोटोच मरतो.

काळा काळा कसा आणायचा ते कोणी समजावून सांगेल का? उभं कुठं राहायचं? आणि अजून एक. गुलमंडीत एका चहाच्या गाड्यापाशी मी फोटो काढायलो होतो तर गाड्यावरच्या काकांनी विचारलं, “कशाला काढायलास बाबा?” ते रागानं बोलले नव्हते. पण मला उत्तर देता आलं नाही. कॅमेरा पिशवीत टाकून घरी आलो आणि पुढचे पंधरा दिवस बाहेर काढला नाही. तुम्ही लोक अशा वेळी काय सांगता?

जुनी फिल्म

तू माझ्या लेकाच्या वयाचा असशील, म्हणून अरे-तुरे करतो. ह्याच शहरात बावीस वर्षं वर्तमानपत्रांसाठी फोटो काढले, त्यातली निम्मी फिल्मवर.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर तूच वर लिहिलंयस आणि तुझ्या लक्षात आलेलं नाही. “बसमधले दिवे गेले होते.” सगळं तिथं आहे. माणसाच्या मागं ट्रकचा उजेड होता आणि तुझ्या बाजूला काळोख होता. दिवे चालू असते तर त्याच माणसांचे शर्ट, कॉलर, पाठीचा घाम, सगळं दिसलं असतं आणि ते तुझ्या ध्यानातही राहिलं नसतं.

आता क्रांती चौक डोळ्यांपुढं आण. चारी बाजूंनी उजेड, वर खांबांवर दिवे, तुझ्या पाठीशी दुकानांच्या पाट्या. माणूस तुझ्या पुढ्यात आला की तुझ्याच पाठीमागचा उजेड त्याच्या अंगावर पडतो. ते राखाडी तिथून येतं. हे कुठल्याही सेटिंगनं पुरतं जात नाही. म्हणून जागा निवडताना आधी स्वतःच्या मागं वळून बघ. पाठीशी बंद शटर पाहिजे, झाड पाहिजे, विझलेला खांब पाहिजे. मग डोळे किलकिले करून समोरच्या माणसाकडं बघ. शर्टाचा रंग कळत असेल तर जागा सोड.

आता कॅमेरा. त्याच्या आतल्या उजेड मोजणाऱ्या मीटरला समोरचं सगळं सरासरी मध्यम राखाडी करायचं असतं, तेवढंच त्याला येतं. रात्री चौकटीत काळोख जास्त, म्हणून तो बिचारा उजेड वाढवत सुटतो. तुझे दिवे फुटतात ते त्यामुळं. त्याच्या हातातून कारभार काढून घे. मॅन्युअल मोड (सगळं आपण ठरवायचं), लेन्सचं तोंड एफ/२.८, शटर १/१२५ सेकंद, आयएसओ ८००, बाजारातल्या उजळ दुकानांसमोर इथून सुरू कर. एक फोटो काढ आणि मागच्या दुकानाची पाटी बघ. पाटीवरची अक्षरं वाचता आली पाहिजेत. येत नसतील, पांढरा गोळा झाला असेल, तर आयएसओ खाली आण. अक्षरं नीट आली की माणसं आपोआप काळी होतात. हे एकदा बसवलं की त्या जागी उभा आहेस तोवर हात लावू नको, गाड्या येवोत-जावोत.

फोकसला कॅमेरा काळ्यात चाचपडत राहतो. माणूस जिथून जाणार तिथला खांब नाहीतर पायरीची कड पकड, फोकस कर आणि लेन्स मॅन्युअलवर टाक.

आणि खाली बस, अगदी उकिडवा. उभ्यानं काढलेल्या फोटोत माणसाचं डोकं मागच्या अंधाऱ्या भिंतीत, नाहीतर दुसऱ्याच्या खांद्यात मिसळतं. खालून काढलं की डोकं वर उजेडात जातं. सिल्हूटमध्ये तुझ्याकडं फक्त कडा आहे रे. नाक हवं असेल तर माणूस बाजूनं दिसला पाहिजे. चाल हवी असेल तर दोन पायांमध्ये उजेड दिसला पाहिजे. हात अंगाला चिकटला की तो हात राहत नाही. दोघं बोलत उभे असतील तर त्यांच्यामध्ये बोटभर फट दिसेपर्यंत थांब, नाहीतर दोन माणसांचा एक ढिगारा होतो.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट सांगतो. थंडीचे दिवस, मकई दरवाजा. खाम नदीच्या अंगाला लोकांनी शेकोट्या केल्या होत्या, त्यांचा धूर कमानीत कोंडला होता. पलीकडून गाडी आली की तो धूर उजळायचा आणि कमानीखालचा माणूस कापून ठेवल्यासारखा दिसायचा. चारशे एएसएची (आता आयएसओ म्हणतात तेच) फिल्म, ती सोळाशे धरून काढायची आणि डेव्हलपरमध्ये जास्त वेळ ठेवायची. असं केलं की उजेडाचा भाग वर येतो पण सावल्यांत काहीच उतरत नाही. बाकीच्या कामात त्याचा त्रास व्हायचा, सिल्हूटला तेच हवं असायचं. एक दूधवाला सायकल हातात धरून आला, दोन्हीकडं कॅन लटकलेले. मी पुढं-मागं होत अकरा फ्रेम मारल्या. दहांत तो उभा असल्यासारखा दिसतो. एकीत त्याची मागची टाच उचललेली आहे आणि टाचेखाली उजेडाची एक चीर आहे. छापली ती तेवढीच.

ह्या गावाला दरवाजांचं गाव म्हणतात, तर त्याचा उपयोग कर. भडकल दरवाजा मलिक अंबरनं बांधला त्याला चारशे वर्षं होऊन गेली. इतकी मोठी आयती चौकट बाकीच्या गावांच्या नशिबात नाही. बीबी का मकबऱ्याच्या आत मात्र तिपाई परवानगीशिवाय चालत नाही, त्यात वेळ घालवू नको. नवरात्र जवळ आलंय, तुझी बस जाते त्याच वाटेवर कर्णपुऱ्याची यात्रा भरते. आत गर्दीत शिरू नको. बाहेर, जिथं दुकानांची रांग संपते तिथं अंधारात थांब. पायांनी उडणारी धूळ दिव्यांत दिसते, माणसं त्या धुळीपुढून जातात. मागं राहाटपाळणा.

वायरमन

वरच्या काकांनी सगळं सांगितलंय, एक भर घालतो. मी लायटिंगच्या कामात आहे.

आपल्याकडं वीज ५० हर्ट्‌झची, त्यामुळं बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. फोटोत आडवे काळे पट्टे येत असतील किंवा एकाच पाटीचा उजेड दर फोटोत वेगळा येत असेल तर शटर १/१०० किंवा १/५० वर ठेवून बघा. चालत्या माणसाला १/१०० पुरतं. स्वस्त एलईडी पाट्यांची लुकलुक मात्र वेगळ्या गतीची असते, तिथं ही युक्ती कधी लागू पडते कधी नाही. आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर असेल तर ते बंद ठेवा, त्यात पट्टे जास्त येतात.

कुठं पिवळा सोडियमचा दिवा शिल्लक असेल तर जपून वापरा. त्यात इतर रंग जवळपास नसतातच, म्हणून फोटो नंतर कितीही सुधारला तरी रंग परत येत नाहीत. पण सिल्हूटला तो सुंदर आहे. काळा आणि पिवळा, बस.

गोलाईकर, लातूर

दादा, मी शाळेत शिकवते. फोटो मोबाइलवरच काढते, तेही बहुतेक गंजगोलाईत, म्हणजे आमच्या गोल बाजारपेठेत, दुकानं बंद व्हायच्या वेळेला. गोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. एखाद्या रस्त्याच्या तोंडाशी शटर पडलेल्या दुकानापुढं उभं राहिलं की मधलं वर्तुळ उजळलेलं असतं आणि घरी निघालेली माणसं त्याच्यापुढून जातात. काका म्हणतात तसं, पाठीशी अंधार, समोर उजेड. मला ते शब्दांत आज कळलं.

मोबाइलवाल्यांसाठी एवढंच की नाइट मोड आणि एचडीआर दोन्ही बंद करा. मोबाइल एकामागून एक बरेच फोटो काढून त्यातून अंधारातलं उजळून दाखवतो, म्हणजे आपल्याला हवी ती सावली तोच पुसून टाकतो. स्क्रीनवर उजेडाच्या जागी बोट दाबून धरा, लॉक झालं की बोट खाली ओढा. लेन्स पदरानं पुसून घ्या. बोटाचा चिकटपणा असला की प्रत्येक दिव्याला शेपटी फुटते.

पण मला खरं लिहायचंय ते तुमच्या चहावाल्या काकांबद्दल.

दोन वर्षांपूर्वी मी गजरे विकणाऱ्या एका मावशींचं सिल्हूट काढलं. कमरेवर टोपली, एक हात वर, हातात गजऱ्यांचा झुबका. चेहरा दिसत नाही म्हणून विचारलं नाही आणि एका ग्रुपवर टाकलं. दुसऱ्या दिवशी त्यांचा मुलगा शाळेच्या फाटकाशी उभा. आई रात्री इतक्या उशिरापर्यंत बाजारात बसते हे त्यांनी सोयरिकीतल्या लोकांना कळू दिलं नव्हतं, आणि फोटो फिरत फिरत तिथंच पोचला. त्या टोपलीवरून आणि उभं राहण्यावरून सगळ्यांनी ओळखलं. तो भांडला नाही. “मॅडम, तुम्ही विचारायचं होतं,” एवढंच म्हणाला. मी फोटो काढून टाकला, त्यांच्या घरी जाऊन आले. मावशी मला पाणी देऊन बोलल्या, पण मला आजही त्यांच्यापुढून जाताना मान वर करवत नाही.

तुम्हीच लिहिलंय ना, तुम्ही एकेकाला ओळखलंत. मग इतरही ओळखतात. लातुरात काय, संभाजीनगरात काय, माणूस चालीवरून ओळखू येतो. चेहरा नाही म्हणजे नाव नाही, असं आपल्याकडं होत नाही.

आणखी एक, हे बाई म्हणून सांगते. वरचे काका अंधारात थांब म्हणतात ते फोटोसाठी बरोबर आहे. पण रात्री अकरा वाजता अंधारात उकिडवा बसलेला पुरुष बघून माझी पावलं जड होतात. त्याच्या हातात कॅमेरा आहे हे मला कसं दिसणार? आधी दहा मिनिटं उजेडात थांबा, कॅमेरा गळ्यात दिसू द्या, चहा घ्या, तिथल्या दोन माणसांना काय करताय ते कळू द्या. मग अंधारात जा. एकटी बाई येत असेल तर कॅमेरा खाली ठेवा. आणि घराच्या पडद्यावर पडलेल्या सावल्यांचे फोटो कधीच नाही. ते कितीही सुंदर दिसत असलं तरी ते दुसऱ्याचं घर आहे.

“कशाला काढायलास” ह्याचं उत्तर तुमच्या पहिल्या परिच्छेदात आहे. बसची गोष्ट सांगा. मला तर वाचताना अंगावर काटा आला.

सेकंडशिफ्टवाला, छत्रपती संभाजीनगर

तीन आठवड्यांनी लिहायलोय. मधे फर्स्ट शिफ्ट लागली होती.

काका, कर्णपुऱ्याला गेलतो. धुळीचं तुम्ही म्हणालात ते खरंय, पण मला तिथं एकही फोटो मनासारखा आला नाही. माणसं एकमेकांवर चढत होती, फट सापडेना. एक आलाय बरा, बाप खांद्यावर पोरगं घेऊन चाललाय आणि पोराच्या हातात भिरभिरं आहे. पाटीची अक्षरं वाचायची युक्ती मात्र पहिल्याच रात्री लागू पडली. नऊशे फोटोंत जे जमलं नव्हतं ते दहा मिनिटांत जमलं. माणूस काळा आला.

मग घरी आलो आणि गल्लीच्या तोंडाशी थांबलो. आमच्या गारखेड्याकडच्या गल्लीत मधल्या खांबावरचा दिवा कितीतरी महिने बंद आहे. आणि पार पलीकडच्या टोकाला पिठाच्या गिरणीवर मोठा पांढरा दिवा रात्रभर जळतो. मी रोज त्या अंधाराला शिव्या देत घरी जायचो. त्या दिवशी तिथं उभा राहून डोळे किलकिले केले.

आमच्याकडं नळ आठवड्यानं येतात, कधी रात्री दीडला, कधी दोनला. त्या वेळी सगळी गल्ली जागी असते. वरच्या अंगाला पाणी चढत नाही, म्हणून बायका-माणसं खालच्या नळावरून भरून वर आणतात, म्हणजे गिरणीच्या दिव्याकडून माझ्याकडं. ताई, तुम्ही लिहिलेलं दोनदा वाचलं होतं. म्हणून नळ यायच्या आदल्या दिवशी घरोघरी जाऊन विचारलं. बसची गोष्ट सांगितली. पहिल्या घरी अडखळलो, तिसऱ्या घरापर्यंत नीट सांगता आली. एका काकू नको म्हणाल्या. त्या आल्या की मी कॅमेरा मांडीवर ठेवत होतो, आणि दुसऱ्या खेपेला त्यांनीच मला लांबून हाक दिली, “आले रे, ठेव खाली.”

एक चाळीसला पाणी सुटलं. १/१००, एफ/२, आयएसओ १६००. आमच्या पायरीवर बसलो, म्हणजे आपोआप खाली. पंपांचा आवाज, हंडे आपटायचे आवाज. सव्वादोनशे फोटो काढले, आणि खरंच सांगतो, ठेवण्यासारखे सहा आहेत. त्यातला एक माझ्या मायचा. कमरेवर कळशी, दुसरा हात तोल सांभाळायला बाहेर काढलेला, त्या हाताच्या आणि अंगाच्या मधे उजेडाचा तिकोन. कळशीतून हिंदकळलेलं पाणी हवेत आहे, त्याचे चार-पाच थेंब पांढरे आलेत. मागचा पाय उचललेला. काका, टाचेखाली उजेड आहे.

सकाळी मायला दाखवला. ती बराच वेळ बघत बसली. “मी एवढी वाकून चालते का रे,” म्हणाली. मला काही बोलता येईना. मग तिनं तो शेजारी नेऊन दाखवला, आणि तिथल्या बाईनं नाव न सांगता ओळखला. परवा मी पाणी भरलं, तिला भरू दिलं नाही, फोटो काढले नाहीत.

पण बसचा फोटो अजून राहिलाय. शिफ्टमधल्या नऊ जणांना विचारलं, सात जण हो म्हणाले. दोघांनी नाही म्हटलं, ते मागं बसतील. कॅमेरा गेटच्या आत नेता येत नाही, ही अडचण होती. बसच्या ड्रायव्हर मामांना सांगितलं तर ते म्हणाले, बस बाहेरच उभी असते, माझ्या सीटखाली ठेव, मी कुठं जात नाही. दाराशी माणसं उभी राहिली की आतले दिवे ते बंद करणार आहेत. सोमवारपासून परत सेकंड शिफ्ट आहे. जालन्याकडून येणारे ट्रक त्या वेळेला किती असतात ते मी मोजून ठेवलंय, दहा मिनिटांत पाच-सहा तरी येतात.

मामांनी एकच विचारलं, काच आतून पुसायची का बाहेरून. मी म्हटलं, दोन्हीकडून.